वाळूतली ओल आणि काँक्रीटची ताकद: सोलापुरातील एका प्रयोगशाळेत शिकताना

रसायनशास्त्राची पदवी घेतल्यानंतर मी सोलापुरात अक्कलकोट रस्त्याच्या औद्योगिक वसाहतीजवळील एका खासगी बांधकाम-साहित्य चाचणी प्रयोगशाळेत शिकाऊ तंत्रज्ञ म्हणून रुजू झाले. पदवीच्या अभ्यासक्रमात सिमेंटवर एक लहानसे प्रकरण होते; चुनखडी आणि चिकणमाती भाजून क्लिंकर कसा तयार होतो आणि त्यात जिप्सम का मिसळतात, एवढे त्यातून समजले होते. काँक्रीट हा मात्र माझ्यासाठी सर्वस्वी नवा विषय होता. येथे जे शिकायला मिळाले ते सविस्तर लिहावेसे वाटते, कारण घर बांधणारी माणसे सिमेंटची कंपनी आणि सळईचा दर यांची बारकाईने चौकशी करतात, परंतु ज्या एका गोष्टीवर काँक्रीटची ताकद सर्वांत अधिक अवलंबून असते, त्या पाण्याच्या मापाविषयी सहसा कोणी विचारत नाही.

कामाची सुरुवात सिमेंटपासून झाली. पोते फोडण्यापूर्वी त्यावरील मजकूर पूर्ण वाचायचा, ही सवय आमच्या ज्येष्ठ तंत्रज्ञांनी प्रथम लावली. प्रयोगशाळेत लहानथोर सगळे त्यांना काका म्हणतात आणि ते मला ताई म्हणतात. पोत्यावर सिमेंटचा प्रकार, भारतीय मानकाचा क्रमांक आणि उत्पादनाचा काळ छापलेला असतो. साधे पोर्टलँड सिमेंट आयएस २६९ या मानकानुसार ३३, ४३ आणि ५३ अशा ग्रेडमध्ये येते. प्रमाणित वाळूबरोबर एकास तीन प्रमाणात बनवलेल्या मसाल्याच्या ठोकळ्याने २८ दिवसांनी प्रति चौरस मिलिमीटर किमान किती न्यूटन दाब सोसला पाहिजे, ते हा आकडा सांगतो. घरबांधणीत मात्र आता पीपीसी, म्हणजे फ्लाय ॲश मिसळलेले सिमेंटच अधिक दिसते. औष्णिक वीज केंद्रात कोळसा जळाल्यावर जी बारीक राख उरते ती ही फ्लाय ॲश. फताटेवाडीचे ६६० मेगावॉटचे दोन संच असलेले वीज केंद्र आणि होटगीच्या बाजूचे सिमेंटचे कारखाने डोळ्यांसमोर असल्यामुळे सोलापूरकराला या दोन उद्योगांचे नाते वेगळे समजावून सांगावे लागत नाही. पीपीसीमध्ये ही राख १५ ते ३५ टक्के असू शकते आणि त्याची २८ दिवसांची किमान मर्यादा ३३ न्यूटन आहे.

रसायनशास्त्राच्या विद्यार्थिनीला येथे फार आनंद मिळाला, हे सांगितलेच पाहिजे. सिमेंटमधील कॅल्शियम सिलिकेटे पाण्याशी संयोग पावून कॅल्शियम सिलिकेट हायड्रेटचे जेल बनवतात, आणि खडी-वाळूला एकत्र धरून ठेवणारा पदार्थ तोच. या क्रियेत कॅल्शियम हायड्रॉक्साइड, म्हणजे चुना, सुटतो. तो ताकदीत फारशी भर घालत नाही. फ्लाय ॲशमधील सिलिका या चुन्याशी सावकाश संयोग पावते आणि आणखी जेल तयार करते. पीपीसीची ताकद सुरुवातीला हळू वाढते व त्याला ओलावा अधिक दिवस लागतो, त्यामागे हेच कारण आहे. सिमेंटच्या वजनाच्या सुमारे २३ टक्के पाणी रासायनिक बंधात अडकते आणि सुमारे १५ टक्के जेलच्या अतिसूक्ष्म छिद्रांत राहते. पन्नास किलोच्या पोत्याला हिशेबाने १९ लिटरच्या आसपास पाणी पुरते. त्याहून जास्त घातलेले पाणी केवळ माल हलावा, वाहावा, सळयांच्या मधून खाली उतरावा यासाठी असते, आणि ते उडून गेल्यावर त्याच्या जागी केसासारख्या पोकळ वाटा उरतात. अमेरिकेतील डफ अब्राम्स यांनी १९१८ मध्ये पाणी-सिमेंट गुणोत्तराचा जो नियम मांडला, त्याचे मूळ या पोकळीत आहे: पूर्ण दाबून भरलेल्या काँक्रीटमध्ये पाणी आणि सिमेंट यांचे वजनी गुणोत्तर जितके वाढेल तितकी ताकद घटत जाते.

पहिली चाचणी शिकवली ती प्रमाणित घट्टपणाची. सिमेंटमध्ये मोजून पाणी घालायचे, तीन ते पाच मिनिटांत लगदा कालवायचा, तो व्हिकॅट उपकरणाच्या साच्यात भरायचा आणि १० मिलिमीटर व्यासाचा दांडा हलकेच सोडायचा. तो साच्याच्या तळापासून ५ ते ७ मिलिमीटरवर थांबला म्हणजे पाणी बरोबर झाले. ज्वारीच्या प्रत्येक दळणाला भाकरीसाठी पाणी कमीजास्त लागते तसेच प्रत्येक सिमेंटचे असते. बहुतेक नमुने २६ ते ३३ टक्क्यांच्या दरम्यान येतात, परंतु नेमका आकडा हाताने शोधावाच लागतो. पुढच्या सर्व चाचण्यांचे पाणी या आकड्यावरून ठरते. सेटिंग टाइमसाठी, म्हणजे लगदा घट्ट व्हायला लागणारा वेळ मोजण्यासाठी, त्याच्या ०.८५ पट पाणी घेतात आणि दांड्याऐवजी एक मिलिमीटर जाडीची चौकोनी सुई लावतात. सुरुवातीचे सेटिंग ३० मिनिटांच्या आत होता कामा नये आणि अंतिम सेटिंग ६०० मिनिटांच्या पुढे जाता कामा नये. ही चाचणी २७ अंश तापमानाला, दोन अंशांच्या फरकाने, करायची असते आणि त्यासाठी आमच्या सिमेंटच्या खोलीत वातानुकूलन सतत चालू असते. त्या खोलीचे दार उघडून एप्रिलच्या दुपारी बाहेर पाऊल टाकले की कागदावरचे तीस मिनिटे आणि साइटवरची तीस मिनिटे यांतला फरक अंगालाच कळतो.

खडीविषयी थोडक्यात लिहिते, कारण या बाबतीत आपला जिल्हा भाग्यवान आहे. दख्खनच्या पठाराचा काळा बेसाल्ट हा बांधकामासाठी उत्तम दगड आहे. त्याची घनता चांगली, पाण्याचे शोषण कमी आणि दाब किंवा आघात सोसण्याच्या चाचण्यांत तो सहसा अडत नाही. दोष असलाच तर आकारात असतो. नुसत्या जॉ क्रशरमधून आलेल्या खडीत चपटे आणि लांबट तुकडे पुष्कळ निघतात. ते एकमेकांवर आडवे पडून मधे पोकळी ठेवतात आणि ती भरायला मसाला व पाणी दोन्ही जास्त लागते. आयएस ३८३ च्या २०१६ च्या आवृत्तीनुसार चपट्या आणि लांबट तुकड्यांचे एकत्रित प्रमाण ४० टक्क्यांहून अधिक नसावे. दुसरी पाहण्याची गोष्ट म्हणजे २० मिलिमीटर आणि १० मिलिमीटर खडी वेगवेगळ्या ढिगांत आहे की एकातच मिसळून टाकली आहे, आणि ढीग थेट काळ्या मातीवर ओतलेला आहे की खाली कोबा किंवा पत्रा आहे. काळ्या मातीचा लेप बसलेल्या खडीला सिमेंट नीट धरत नाही.

खरा अभ्यास वाळूचा झाला. ४.७५ मिलिमीटरच्या चाळणीतून जाते ती वाळू आणि वर राहते ती खडी, एवढी ढोबळ सीमा आहे. पूर्वी आपल्याकडे भीमा आणि सीना या नद्यांची वाळू सर्रास वापरली जात असे. आता क्रश सँड, म्हणजे दगड फोडून केलेली वाळू, हीच मुख्य झाली आहे आणि माझ्या मते नद्यांसाठी ते चांगलेच झाले. परंतु दोन्हींची तपासणी निराळ्या नजरेने करावी लागते. नदीच्या वाळूत गाळ पाहायचा. ७५ मायक्रॉनच्या चाळणीतून धुऊन जाणारा भाग तीन टक्क्यांपेक्षा जास्त नसावा. क्रश सँडमध्ये तोच भाग दगडाची भुकटी असल्यामुळे १५ टक्क्यांपर्यंत चालतो. क्रशरवर मिळणारी डस्ट आणि दगड वेगाने आपटून फोडणाऱ्या व्हीएसआय यंत्रातून काढलेली क्रश सँड या मात्र एकच वस्तू नव्हेत. डस्टमध्ये भुकटी बेसुमार असते, कण धारदार व चपटे असतात आणि पाण्याची भूक मोठी असते. दोन्हींचा रंग सारखा, त्यामुळे ट्रकमधून उतरताना फरक ओळखू येत नाही. चाळण्यांचा संच लावला की लगेच दिसतो. ६०० मायक्रॉनच्या चाळणीतून किती टक्के माल खाली गेला यावर वाळूचा झोन, म्हणजे जाडीबारीकपणाचा गट, ठरतो. ३५ ते ५९ टक्के असेल तर झोन दोन, आणि स्लॅबच्या काँक्रीटसाठी आम्हाला हाच झोन सर्वांत आवडतो.

वाळू ओली असते तेव्हा दोन स्वतंत्र गोष्टी घडतात आणि त्या मला काकांनी एकाच ढिगापाशी उभे करून वेगवेगळ्या दाखवल्या. पहिली म्हणजे ओल्या वाळूचे फुगणे. चार-पाच टक्के ओल असली की कणांभोवती पाण्याचा पातळ पापुद्रा धरतो, कण एकमेकांपासून दूर सरतात आणि तीच वाळू २५ टक्क्यांपर्यंत जास्त जागा व्यापते. फरम्याने किंवा घमेल्याने माप घेणाऱ्या साइटवर याचा परिणाम असा होतो की मापे तेवढीच पडतात, पण प्रत्यक्षात वाळू कमी जाते आणि माल खडीचा, खरबरीत होतो. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे, कारण ती दिसत नाही. वाळूबरोबर आलेले हे पाणी मिक्सरमध्ये जाते आणि त्याची नोंद कोणीच घेत नाही. आम्ही एका लोखंडी तव्यात ५३० ग्रॅम ओली वाळू शेगडीवर पूर्ण कोरडी केली तर ती ५०० ग्रॅम भरली, म्हणजे ओल सहा टक्के. त्यातील सुमारे दोन टक्के पाणी कणांच्या आत मुरलेले असते आणि ते सिमेंटला मिळत नाही. उरलेले चार टक्के मोकळे पाणी असते. एका पोत्याच्या मालात १२० किलो वाळू जात असेल तर हे मोकळे पाणी ४.८ लिटर झाले. मिश्रणात ०.५ गुणोत्तर ठरवून पोत्याला २५ लिटर पाणी मोजून ओतले आणि वाळूचा हिशेब केला नाही, तर प्रत्यक्षात २९.८ लिटर पाणी पडते आणि गुणोत्तर जवळजवळ ०.६ वर जाते. सिमेंट तेच, खडी तीच, मिक्सरही तोच, आणि तरीही ताकद खाली येते. आपल्याकडे उन्हाळ्यात याच्या उलट घडते. ढीग हाडासारखे कोरडे असतात, क्रश सँड आणि खडी दोन्ही पाणी पिऊन घेतात आणि मिक्सरमधून चांगला निघालेला माल घमेल्यातून वर जाईपर्यंत घट्ट होतो. अशा वेळी शोषणाइतके पाणी हिशेबाने वाढवावे लागते किंवा आदल्या संध्याकाळी खडीवर पाणी मारून ठेवावे लागते.

पाणी स्वतः कसे आहे, हेही तपासावे लागते. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे बांधकामाला बहुधा बोअरचे किंवा टँकरचे पाणी असते आणि ते पुष्कळदा खारट निघते. आयएस ४५६ प्रमाणे सळई असलेल्या काँक्रीटच्या पाण्यात क्लोराइड लिटरला ५०० मिलिग्रॅमपेक्षा आणि सल्फेट ४०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावे, आणि पीएच सहाच्या खाली नसावा. क्लोराइड सळईला गंजवते. त्याचा परिणाम क्यूबच्या, म्हणजे ताकद मोजण्यासाठी टाकलेल्या काँक्रीटच्या घनाकृती ठोकळ्याच्या, चाचणीत कधीच दिसत नाही, कित्येक वर्षांनी स्लॅबच्या खालच्या पोपड्यांत दिसतो. शंका असेल तर त्या पाण्याने आणि डिस्टिल्ड पाण्याने वेगवेगळे क्यूब टाकतात. शंकास्पद पाण्याच्या क्यूबची २८ दिवसांची सरासरी दुसऱ्या संचाच्या ९० टक्क्यांहून कमी येता कामा नये. पदवीच्या काळातील ब्युरेट आणि पिपेट येथे माझ्या पुन्हा हाती आले, आणि हे काम मला प्रयोगशाळेत सर्वांत आधी स्वतंत्रपणे सोपवण्यात आले.

साहित्याची ही सर्व माहिती हातात आल्यावर मिक्स डिझाइन, म्हणजे मिश्रणाचे प्रमाण हिशेबाने ठरवणे, शिकवले गेले. सिमेंट, वाळू आणि खडी यांचे एकास दीडास तीन हे प्रमाण गवंड्यांच्या तोंडी असते आणि ते एम २० साठी, म्हणजे २८ दिवसांनी प्रति चौरस मिलिमीटर २० न्यूटन ताकदीच्या काँक्रीटसाठी, आयएस ४५६ च्या नाममात्र मिश्रणाशी जुळते. परंतु त्याच मानकात पोत्याला जास्तीत जास्त ३० लिटर पाणी सांगितले आहे, तो भाग तोंडी परंपरेत उतरलेला नाही. एम २५ चे डिझाइन आयएस १०२६२ प्रमाणे करताना आधी लक्ष्य ताकद ठरवतात: २५ अधिक १.६५ गुणिले ४ (हा ४ म्हणजे निकालांत धरलेला चढउतार), म्हणजे ३१.६. साइटवरील चढउतार लक्षात घेऊनही शंभरांतील साधारण पाचच निकाल २५ च्या खाली जावेत, यासाठी ही जास्तीची ताकद धरलेली असते. २० मिलिमीटर खडीसाठी घनमीटरला १८६ लिटर पाणी ५० मिलिमीटर स्लंपला, म्हणजे शंकू उचलल्यावर ओला माल जितका खाली बसतो त्या मापाला, धरतात आणि पुढे स्लंपच्या प्रत्येक २५ मिलिमीटरला तीन टक्के वाढवतात. १०० मिलिमीटर स्लंपला ते १९७ लिटर होते. गुणोत्तर ०.५ ठेवले तर ३९४ किलो सिमेंट लागेल. सुपरप्लास्टिसायझर हे माल वाहता ठेवणारे रसायन (ॲडमिक्श्चर) घालून पाणी २० टक्क्यांनी कमी केले तर पाणी १५८ लिटर आणि सिमेंट ३१५ किलोवर येते, आणि तरीही माल तितकाच वाहता राहतो. हे गणित पहिल्यांदा पूर्ण सुटले तेव्हा मला कळले की पाणी वाचवणे म्हणजे थेट सिमेंट वाचवणे आहे. त्यानंतर प्रत्यक्ष मिश्रण करून पाहतात आणि गुणोत्तर दहा टक्क्यांनी खालीवर करून, म्हणजे ०.४५ आणि ०.५५ ने, आणखी क्यूब टाकतात. आमच्या सोलापुरी क्रश सँडसाठी पाण्याचा तक्त्यातील आकडा क्वचितच जसाच्या तसा लागू पडतो, त्यामुळे ही प्रत्यक्ष मिश्रणे वगळण्याचा विचारही कोणी करत नाही.

साइटवर नमुने घ्यायला जाण्याची परवानगी यानंतर मिळाली. जुळे सोलापुरातील एका इमारतीच्या स्लॅबवर मी काकांबरोबर उभी होते. मिक्सरवरची माणसे आपापसांत कन्नडमध्ये बोलत होती आणि मुकादम आमच्याशी मराठीत. माल खाली ओतला जात असताना त्यांनी विचारले, "मॅडम, सेंटरिंगवर माल सरकत नाही, एक डबा पाणी जास्त टाकू का?" त्यांचा प्रश्न रास्त होता, कारण घमेली वाहणाऱ्या आणि थापी चालवणाऱ्या माणसाला घट्ट माल फार श्रमाचा पडतो, आणि दाट सळयांच्या जागी तो खरोखरच खाली उतरत नाही. काकांनी नकार देऊन विषय संपवला नाही. त्यांनी स्लंप घेतला. वर १०० आणि खाली २०० मिलिमीटर व्यासाचा, ३०० मिलिमीटर उंचीचा शंकू थरांथरांनी भरायचा, प्रत्येक थराला सळईने २५ ठोके द्यायचे आणि शंकू सरळ वर उचलायचा. डिझाइनच्या १०० मिलिमीटरच्या जागी माल जेमतेम निम्माच बसला. मग वाळूचा ढीग उकरून पाहिला तेव्हा वरचा थर उन्हाने पूर्ण कोरडा झालेला आढळला. त्यामुळे शोषणापुरते पाणी आणि ॲडमिक्श्चरची ठरलेल्या मर्यादेतील थोडी वाढ असा बदल सांगितला, मिक्सर पूर्ण दोन मिनिटे फिरवायला लावला आणि स्लंप जागेवर आला. मुकादमांनी पुढच्या प्रत्येक घाण्याला डबा स्वतः मोजला. अडचण समजून घेऊन उत्तर दिले तर साइटवरची माणसे मापाला विरोध करत नाहीत, असे मी तेथे पाहिले आणि पुढेही पाहत आले.

क्यूब टाकणे वरवर सोपे दिसते, पण निकाल बिघडवण्याच्या जागा त्यात पुष्कळ आहेत. १५० मिलिमीटरच्या साच्याचे बोल्ट सैल असतील तर सिमेंटचे पाणी पाझरते आणि कोपरे पोकळ राहतात. माल तीन थरांत भरून प्रत्येक थराला किमान ३५ ठोके द्यावे लागतात. आत हवा पाच टक्के राहिली तरी ताकद सुमारे ३० टक्क्यांनी घटते, आणि साच्यातून काढलेला क्यूब तोलला की ते लगेच समजते. बेसाल्टच्या खडीचा नीट भरलेला क्यूब साडेआठ किलोच्या आसपास भरतो. आठ किलोच्या खाली गेलेला क्यूब यंत्रात जाण्याआधीच बोलू लागतो. २४ तासांनी साचा उघडून क्यूब २७ अंशांच्या पाण्याच्या टाकीत बुडवतात. साइटवर तो उन्हात पडून राहिला आणि सहाव्या दिवशी आमच्याकडे आला, तर आलेल्या आकड्याचा अर्थ लावणे अशक्य होते.

दाबयंत्रावरचे नियमही असेच आहेत. क्यूब टाकीतून काढून, पुसून, ओला असतानाच तपासायचा, कारण सुकलेला क्यूब जास्त ताकद दाखवतो. थापीने सपाट केलेली वरची बाजू दाबपट्टीखाली येऊ द्यायची नाही, क्यूब आडवा फिरवून ठेवायचा. दाब प्रति मिनिट १४ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर या वेगाने, म्हणजे या आकाराच्या क्यूबवर सेकंदाला सुमारे सव्वापाच किलोन्यूटन वाढवायचा; घाईने वाढवला तर आकडा फुगतो. प्रति चौरस मिलिमीटर २५ न्यूटन ताकदीच्या क्यूबला एकूण ५६२ किलोन्यूटनच्या वर जावे लागते, म्हणजे जवळजवळ ५७ टनांचे वजन. चांगला क्यूब चारही बाजूंनी सारखा सुटतो आणि मधे दोन पिरॅमिड टोकाला टोक लावून उरतात. एकाच बाजूने फुटला तर यंत्राची पट्टी किंवा क्यूबची बाजू समतल नव्हती असे समजायचे आणि तो निकाल शंकास्पद म्हणून नोंदवायचा. एका नमुन्याचे तीन क्यूब असतात आणि त्यांपैकी कोणताही सरासरीपासून १५ टक्क्यांहून अधिक दूर गेला तर तो नमुनाच ग्राह्य धरत नाहीत.

एकदा एका बांधकामावरून आलेले क्यूब एम २५ च्या नावाखाली ४५ च्या आसपास फुटले. आनंद मानावा असा हा आकडा नव्हता. काकांनी फुटलेला तुकडा उचलून दाखवला: आत सिमेंट भरपूर, खडी मोजकी आणि रंग गडद. क्यूबसाठी निराळा, श्रीमंत माल कालवला होता आणि स्लॅबमध्ये दुसराच गेला होता. अहवालात आम्ही फक्त आम्हाला मिळालेल्या क्यूबचा निकाल लिहू शकतो, त्यामुळे त्या स्लॅबविषयी त्या कागदाने काहीच सिद्ध केले नाही. त्या दिवसापासून मी नमुना स्वतः, मिक्सरमधून निघणाऱ्या चालू मालातून घेण्याचा आग्रह धरते आणि ग्राहकांनाही तसे स्पष्ट सांगते. ज्या घरात कुटुंब राहणार आहे तेथे असा खोटा क्यूब पाठवणे मला अत्यंत अनुचित वाटते.

क्युरिंगविषयी, म्हणजे काँक्रीट ओले ठेवण्याविषयी, जितके सांगावे तितके थोडे आहे. जेल बनण्याची क्रिया पाणी असेपर्यंतच चालते. साध्या सिमेंटला किमान सात दिवस ओल लागते, कोरड्या व उष्ण हवेत किमान दहा, आणि पीपीसीसाठी अशा हवेत १४ दिवस करावे अशी आयएस ४५६ ची शिफारस आहे. सोलापूरचा उन्हाळा ४० अंशांच्या वर जातो, वारा कोरडा असतो आणि पृष्ठभागावरून तासाला चौरस मीटरमागे एक किलोच्या आसपास पाणी उडू लागले की ओल्या काँक्रीटवर संध्याकाळच्या आतच भेगा पडतात. यासाठी आम्ही स्लॅब पहाटे सुरू करायला सांगतो, माल ओतताना त्याचे तापमान ४० अंशांच्या खाली ठेवायला सांगतो, पाण्याची टाकी सावलीत ठेवायला सांगतो, आणि पृष्ठभाग घट्ट होताच ओले गोणपाट टाकून नंतर मसाल्याची आळी करून पाणी भरून ठेवायला सांगतो. दिवसातून दोनदा पाइपने शिंपडलेले पाणी तासाभरात उडते. आळ्यात साठवलेले पाणी कमी लागते आणि काम जास्त करते. पाण्याची टंचाई असलेल्या गावात हाच मार्ग मला व्यवहार्य वाटतो.

घराचे काम काढणारे नातेवाईक आता मला विचारतात की नेमके काय तपासून घ्यावे. बाराशे चौरस फुटांचा, पाच इंच जाडीचा स्लॅब म्हणजे सुमारे १४ घनमीटर काँक्रीट. सहा ते १५ घनमीटरला मानकाप्रमाणे किमान दोन नमुने घ्यावे लागतात, म्हणजे २८ दिवसांसाठी सहा क्यूब. सात दिवसांचा अंदाज हवा असेल तर आणखी तीन. एम २५ चा कोणताही एक निकाल २२ च्या खाली जाऊ नये आणि सलग चार नमुन्यांची सरासरी किमान २८ असावी. निकाल कमी आला म्हणून लगेच स्लॅब तोडत नाहीत. त्यातून कोअर, म्हणजे यंत्राने कापलेले दंडगोल तुकडे, काढून तपासतात, आणि कोअरची क्यूबसमान सरासरी ताकद ग्रेडच्या ८५ टक्के व कोणताही एक कोअर ७५ टक्क्यांच्या खाली नसेल तर काँक्रीट स्वीकारतात. स्लॅबच्या सकाळी मात्र एवढे तरी करावे, असे मी प्रत्येकाला आवर्जून सांगते: वाळूच्या ढिगातून मूठभर वाळू तव्यावर भाजून तिची ओल काढावी, पोत्याला किती लिटर पाणी घालायचे ते त्यावरून ठरवावे आणि तो आकडा मिक्सरवरच्या माणसाला स्वतः समजावून सांगावा. पावसाळ्यात दुपारी सर आली तर हे माप पुन्हा घ्यावे लागते, कारण उघड्या ढिगाची ओल तासाभरात बदललेली असते.